'तीन एडके'मधली ताटांची लिफ्ट

मी एक जुनी लिफ्ट आहे. लिफ्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बटणे, आरसा आणि आपोआप सरकणारे दार आले असेल, तर ते पुसून टाका. माझ्यात माणूस मावत नाही. मी एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची, दोन कप्प्यांची पेटी आहे आणि मला दोराने ओढावे लागते. मित्रांनो, माझे काम अगदी साधे होते. तळघरातल्या स्वयंपाकघरात भरलेली ताटे वर जेवणाच्या खोलीत न्यायची आणि उष्टी ताटे खाली आणायची. त्यासाठी मला एका चौकोनी, उभ्या पोकळीत टांगले. चारी बाजूंना विटा, वरच्या टोकाला एक झडप, खालच्या टोकाला एक झडप. जन्मल्यापासून मी या पोकळीबाहेर पाऊल टाकलेले नाही. या दोन झडपा उघडल्यावर जे दिसले, तेवढेच माझे जग.

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, वेल्सच्या सीमेला लागून, स्टोकहोप नावाचे गाव आहे. चहूकडे मेंढ्यांची कुरणे. गावातल्या पबचे नावही 'तीन एडके'. तो प्रीस घराण्याने चालवायला घेतला, तेव्हा जेवण दगडी जिन्यावरून हातानेच वर नेत. एका ओल्या दिवशी थोरल्या मिसेस प्रीस गरम सूपचे भांडे घेऊन घसरल्या आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. त्याच आठवड्यात त्यांच्या नवऱ्याने गावच्या सुताराला बोलावले. त्याचे नाव एमॉस टिटली. गावाच्या शवपेट्याही तोच करत असे. त्यामुळे माझे सांधे इतके घट्ट बसले आहेत की आत दिवा ठेवला तरी बाहेर उजेडाची रेघ दिसणार नाही. वरची कप्पी त्याने जुन्या विहिरीची बसवली. दोर ओढला की ती एक बारीक हुंदका दिल्यासारखा आवाज करी. पुढे कितीही तेल घातले तरी तो गेला नाही.

माझे सुरुवातीचे दिवस मानाचे होते. रविवारी दुपारी मोटारींतून पाहुणे येत, आणि भिंतीतली झडप उघडून आतून वाफाळती ताटे बाहेर निघाली की मुले जागची उठून बघायला येत. श्रूझबरीच्या एका वर्तमानपत्राने लिहिले होते की या पबात भिंत जेवण वाढते. ते कात्रण बारमागे चौकटीत लावले होते. मी ते कधी पाहिले नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवले जाई, म्हणून मला पाठ आहे.

माझी खरी गोष्ट मात्र त्या मिसेस प्रीसच्या नातवंडांची आहे. एनिड आणि क्लेम, बहीण आणि भाऊ. दोघेही अविवाहित राहिले. वडील गेल्यावर पब त्यांच्याकडे आला, तेव्हा क्लेम वर राहिला आणि एनिड खाली गेली. क्लेमने बार सांभाळायचा, पाहुण्यांना बसवायचे, वाढायचे, हसायचे. एनिडने रांधायचे. अशी वाटणी कुणी बोलून केली नव्हती. ती झाली आणि तशीच राहिली.

एनिडच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती, छताला लागून, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसत, आणि बाजाराच्या दिवशी मेंढ्यांचे पाय. पाहुण्यांना एनिड बुटांवरून ओळखे आणि त्याहून जास्त ताटांवरून. जेवणाच्या वेळेत ती कधी वर येत नसे. चुलीपुढून हलायला सवडच नसे.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. स्टोकहोपमध्ये वाढणाऱ्याच्या तोंडावर जेवणाला नाव ठेवणे म्हणजे चर्चमध्ये शीळ घालण्यासारखे होते. क्लेम टेबलांमधून फिरताना विचारी, "सगळं ठीक ना?" आणि उत्तर ठरलेले असे, "छान, धन्यवाद." मांस चिवट असो, बटाटे करपलेले असोत, उत्तर बदलत नसे. खरे काय ते ताट सांगे. जेवण आवडले तर रस्सा पावाने पुसून घेतलेला असे. आवडले नाही, तर सुरी आणि काटा अगदी नीट शेजारी शेजारी ठेवलेले असत, कोबीचे एक मोठे पान पसरलेले असे, आणि त्या पानाखाली उरलेले सगळे झाकलेले असे. शब्द वर राहत आणि ताटे माझ्यातून खाली येत. एनिड त्यांच्याकडे पाही आणि पुढच्या रविवारी रस्सा जरा पातळ करी, नाहीतर मांस अर्धा तास आधी काढी. त्यामुळे गावात कुणालाही काही न बोलता चांगले जेवण मिळत होते.

मग एका हिवाळ्यात एनिडला ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. हे फक्त मला ठाऊक होते. ताटे ठेवायला ती वाकली की तिचे तोंड माझ्या वरच्या कप्प्याशी येई आणि तिथे ती बोले. एकटी राबणारी माणसे बोलतात तशी.

"लसूण चुरली, वास नाही. जळालेलं कळलं नाही मला आज, धूर दिसला तेव्हा कळलं," ती म्हणाली. मग ताट कप्प्यात सरकवत, "क्लेमला सांगून काय करू? तो काय पब बंद करणार माझ्यासाठी? हात ओळखतात सगळं. ताटं रिकामी येतील तोवर चाललंय म्हणायचं. ती भरलेली आली की मी थांबेन."

तिला थांबायला आवडले असते, हेही मला ठाऊक होते. तिची बहीण मेबल बार्मथला समुद्राकाठी राही आणि दर थोड्या दिवसांनी फोन करी.

"खोली लावून ठेवली म्हणते. खिडकीतून भरती दिसते म्हणे. माझ्या खिडकीतून काय दिसतं, तर रविवारी जेवायला येणाऱ्या ट्रँटरचे बूट. पण मी गेले तर क्लेमचं कसं व्हायचं? त्याला अंडं उकडता येत नाही."

त्याच हिवाळ्यात गावचा म्हातारा खाटीक दुकान बंद करून गेला. मांस दुसऱ्या गावाहून येऊ लागले. रविवारची फिजेट पाई हा 'तीन एडके'चा नावाजलेला पदार्थ. खारवलेले डुकराचे मांस, आंबट सफरचंदे, कांदा आणि वर पिठाचे जाड झाकण. जुना खाटीक मांस हलके खारवी, नवा मीठ हात सैल सोडून लावी. एनिड पूर्वीसारखीच रात्रभर मांस पाण्यात भिजवी. पण नव्या मांसातले मीठ उतरायला एक रात्र पुरत नव्हती. कोणत्याही स्वयंपाकिणीला पहिल्या चमच्यात कळले असते.

क्लेमला वर कळले. कोबीची पाने पसरलेली ताटे गोळा करताना त्याने एक पान काट्याने उचलून पाहिले, पुन्हा तसेच ठेवले, आणि झडपेशी येऊन उभा राहिला. दोर त्याच्या हातात होता, पण त्याने ओढला नाही.

"स्वयंपाकातला हात गेला तिचा," तो माझ्यापाशी पुटपुटला. "कसं सांगायचं? जन्म गेला चुलीपुढे. ते काढून घेतलं तर ही जगेल कशावर?"

मग त्याने बारखालून एक बादली काढली आणि प्रत्येक ताट सुरीने खरवडून तीत रिते केले. रस्साही पावाच्या तुकड्याने पुसला, अगदी आवडीने खाल्ल्यासारखा. आणि ती चकचकीत ताटे माझ्यात रचून खाली सोडली.

खाली एनिडने झडप उघडली आणि ताटांकडे बराच वेळ पाहत राहिली. सुरीने खरवडलेल्या ताटावर बारीक रेघा उठतात, खाल्लेल्यावर उठत नाहीत. तिने त्या पाहिल्या असाव्यात असे मला कधी कधी वाटते. पण माणूस ज्या गोष्टीवर टेकून उभा असतो, ती हलवून बघत नाही.

"म्हणजे हात चुकत नाहीयेत," ती म्हणाली आणि पुढच्या रविवारचे मांस भिजत घालायला गेली.

दर रविवारी असेच होऊ लागले. बादली गावाबाहेरच्या बेडोजच्या डुकरांकडे जाई. बेडोज एकदा म्हणाला, "क्लेम, काय घालतोस रे त्यात? डुकरं पाणी पिऊन पिऊन फुगलीत." पाहुणे कमी होत गेले, पण जे येत ते बिअर दुप्पट पीत, त्यामुळे गल्ल्यावर एकदम फरक दिसला नाही. जनावरांचे निवृत्त डॉक्टर हॉरेस ट्रँटर दर रविवारी खिडकीजवळ बसत. ते आपली पाई टेबलाखाली आपल्या कुत्र्याला देत आणि क्लेमला "छान, धन्यवाद" म्हणत.

क्लेमचेही गुडघे आता बोलू लागले होते. उष्टी ताटे माझ्यात ठेवताना तो हळूच कण्हे. "पबचा परवाना परत करावा आणि बसावं कुठंतरी निवांत," तो एकदा म्हणाला. "पण हिला कुठं नेऊ? ही इथून हलायची नाही."

मित्रांनो, त्या दिवसांत दोघांची तोंडे एकाच पेटीत येत होती, पण एका वेळी कधीच नाही. मी वर असताना खालची झडप लावलेली असे आणि खाली असताना वरची, स्वयंपाकाचा वास पाहुण्यांत जाऊ नये म्हणून. एनिड क्लेमसाठी तळघरात अडकली होती आणि क्लेम एनिडसाठी वर. दोघांना सोडवणारे शब्द रोज माझ्यातून खालीवर जात होते आणि मी लाकडाची होते.

मग सप्टेंबरमधला एक रविवार आला. हवा उन्हाळ्यासारखी तापलेली. डोंगरावर चालायला आलेल्यांचा एक मोठा गट आत शिरला आणि खोली बऱ्याच महिन्यांनी भरली. गावातलीही काही मंडळी होती. ट्रँटर होते. पूर्वीच्या धर्मगुरूंच्या पत्नी, मिसेस ऑड्री प्यू, आपल्या चुलत बहिणीला घेऊन आल्या होत्या. सगळ्यांनी पाई मागवली. ऊन, चालून आलेली तहान आणि वर ते मीठ. बिअरचे पिंप जेवणाच्या मध्येच कोरडे पडले.

"दोन मिनिटं," क्लेम म्हणाला आणि नवे पिंप लावायला मागच्या कोठीत गेला. दोन मिनिटांत ते काम कधीच होत नसे.

टेबलांवर ताटे तशीच पडून होती. मिसेस प्यू यांनी आयुष्यभर गावच्या सभागृहात सुगीची जेवणे घातली होती. उष्टी ताटे समोर असताना त्यांना स्वस्थ बसवत नसे.

"बस की गं, ऑड्री," चुलत बहीण म्हणाली. "आपण पैसे देऊन जेवतोय."

"क्लेमचे गुडघे बघितलेस का? मदत केली तर काय बिघडलं?" असे म्हणून त्यांनी ताटे गोळा केली, एकावर एक रचली, माझी झडप उघडली, ती आत ठेवली आणि दोर ओढला. किती चांगल्या मनाने ओढला. कप्पीने हुंदका दिला आणि मी खाली निघाले. त्या वजनावरूनच मला कळले. एवढी जड मी खाली जाऊन खूप दिवस झाले होते.

एनिडने झडप उघडली. सर्वांत वरच्या ताटात सुरी आणि काटा शेजारी शेजारी, आणि त्यांच्याखाली कोबीचे पान. तिने काटा उचलला. पान त्याला चिकटून वर आले आणि खाली पाईचा तुकडा दिसला, एका कोपऱ्यातून चाखलेला. तिने दुसरे ताट घेतले. मग तिसरे. एकेक ताट ती लांब टेबलावर मांडत गेली आणि प्रत्येक पान बाजूला करत गेली. काही पाने फार काळजीने पसरलेली होती, कडा खाली दुमडलेल्या. तिने रश्शात बोट बुडवून जिभेला लावले. मग मिठाच्या डब्यात तेच बोट बुडवून जिभेला लावले. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही वेळा काहीच उमटले नाही.

ती रडली नाही. तिने ती ताटे पुन्हा माझ्यात ठेवली, पानांवाचून, प्रत्येक तुकडा उघडा दिसेल अशी. मग दोर ओढून मला वर धाडले आणि घंटी वाजवली. जेवण तयार आहे, घेऊन जा, असा त्या घंटीचा अर्थ होता. या वेळी तिने खालची झडप लावली नाही.

क्लेम तेवढ्यात परतला होता. मिसेस प्यू त्याला सांगत होत्या, "ताटं दिली हो पाठवून. तेवढंच तुमचं काम हलकं."

क्लेमच्या हातातून फडके पडले. त्याने झडप उघडली आणि ताटांपुढे उभा राहिला.

"क्लेम," माझ्या कडेने खालून आवाज आला. "ही सगळी आजची?"

खोलीत सगळ्यांना ऐकू गेले. सगळ्यांनी ऐकले नसल्यासारखे केले. एक जण नॅपकिनची घडी घालू लागला. कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "ऊन टिकेल म्हणतात अजून दोन दिवस," आणि दुसऱ्याने तितक्याच मोठ्याने उत्तर दिले, "टिकलं तर बरंच आहे."

"आजचीच," क्लेम झडपेत वाकून म्हणाला. "उकाडा आहे गं. भूक नसते लोकांना."

"आणि मागल्या रविवारची कुठं गेली?"

"वर ये. वर ये, मग बोलू."

"इथूनच बोल. मागल्या रविवारची कुठं गेली?"

क्लेमने एकदा मागे खोलीकडे पाहिले. मग म्हणाला, "बेडोजच्या डुकरांना."

"आणि त्याच्या आधीची?"

"तीही."

जिन्यावर पावले वाजली. जेवणाच्या वेळी एनिड वर येतेय, हे तिथल्या कुणीही आधी पाहिले नव्हते. ती ठेंगणी होती, कोपरापर्यंत पिठाने भरलेली, आणि उजेडात आल्यामुळे डोळे बारीक करून बघत होती. ती सरळ खिडकीजवळच्या टेबलाशी गेली.

"मिस्टर ट्रँटर, पाई कशी होती?"

"छान होती, एनिड. नेहमीसारखी."

"तुमच्या कुत्र्यानं खाल्ली का?"

ट्रँटर यांनी टेबलाखाली पाहिले. चाळीस वर्षे जनावरांच्या मालकांना खरे सांगण्यात गेलेला माणूस. "नाही," ते शेवटी म्हणाले. "वास घेतला आणि मान फिरवली. पूर्वी खायचा."

"खारट असते गं, एनिड," मिसेस प्यू हळूच म्हणाल्या. "फार. मी म्हणणार होते तुला."

"कधी?"

"दर रविवारी."

एनिडने मान हलवली. मग ती भावाकडे वळली. "मला चव येत नाही, क्लेम. त्या तापापासून. वासही येत नाही. खारट का अळणी, मला कळायला काही मार्गच नव्हता. ताटं बघून रांधत होते मी."

क्लेम बारच्या स्टुलावर बसला. "तू बोलली नाहीस कधी."

"तू बोललास?"

"मला वाटलं तुझा हात गेला. म्हटलं, चूल काढून घेतली तर ही राहील कशी."

"राहिले असते की बार्मथला. मेबल खोली लावून बसलीय. मला वाटलं, मी गेले तर तू काय खाशील."

"मी?" क्लेम म्हणाला. "मी परवानाच परत करणार होतो. गुडघे बघ माझे. तुझ्यासाठी थांबलो होतो."

आता दोघे हसतील, असे मला वाटले. मित्रांनो, मी पेटी आहे, माणसांबद्दलचा माझा अंदाज चुकतो. एनिडचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्याला पीठ कारण नव्हते.

"थांबलास ते ठीक," ती म्हणाली. "मीही थांबले. पण माझ्या ताटांना हात का लावलास? जीभ गेली, नाक गेलं. उरलं होतं ते तेवढंच. तेही तू पुसून पाठवत होतास."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"वाटू द्यायचं होतंस."

यावर कुणी हवामानाचा विषय काढला नाही.

मग एनिडनेच खोलीकडे पाहिले. "गोड कुणाकुणाला हवंय? कस्टर्ड आहे. मोजून साखर घातलीय, पण आता माझ्यावर विसंबू नका."

एनिडने खाली जाऊन भरलेले ते कस्टर्ड मी वर नेले, आणि तीही पुन्हा वर आली. सगळ्यांनी खाल्ले. मिसेस प्यू यांनी चमचा खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "थोडं कमी गोड आहे." चुलत बहिणीने त्यांच्याकडे असे पाहिले की जणू त्यांनी टेबलावर पाय ठेवले.

"साखर त्या भांड्यात आहे," एनिड म्हणाली. "घ्या." तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी मला थोडा जीव जाणवला.

पाने गळायच्या सुमारास ती बार्मथला गेली. उशीर झाला होता. वाट पाहून कंटाळलेल्या मेबलने समुद्राकडची खोली एका भाडेकरूला दिली होती, आणि तो वसंतापर्यंत हलणार नव्हता. एनिडला मागची खोली मिळाली. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या कोठीची भिंत दिसे. हे क्लेमने ट्रँटर यांना सांगितले तेव्हा मी ऐकले. बहीण-भाऊ नाताळपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. नाताळच्या दिवशी फोन वाजला आणि क्लेम बराच वेळ नुसताच "हो, हो" म्हणत उभा होता. त्या हिवाळ्यात तो पाहुण्यांना पाव, चीज आणि लोणचेच देत असे. तक्रार आली की ऐकून घेई. मग त्यानेही परवाना परत केला.

नवे चालक बर्मिंगहॅमहून आले. त्यांनी स्वयंपाकघर वरच बांधले, पोलादी, झगझगीत. आगीपासूनच्या सुरक्षेची तपासणी करणाऱ्या माणसाने माझी पोकळी पाहून सांगितले की आग लागली तर ज्वाळा इथूनच वर चढतील. त्याचे म्हणणे योग्य होते. सुतारांनी दोन्ही झडपांवर फळ्या ठोकल्या. ठोकताना मी मध्येच होते, ना वर, ना खाली, आणि कुणी मला हलवले नाही. वरून गिलावा झाला, रंग झाला. बाहेरच्या बाजूला एका एडक्याचे चित्र टांगले आहे असे ऐकते. दोर कप्पीत अडकून कुजत चालला आहे. तो तुटला तर मी खाली आदळेन आणि वरच्या लोकांना वाटेल, मेघगर्जना झाली.

अंधाराची मला सवय आहे. एमॉस टिटलीने मला केलेच तसे. मला खुपते ते वेगळेच. पूर्वी मला शब्दही ऐकू येत आणि ताटेही दिसत. आता भिंतीतून नुसते शब्द येतात. दिवसभर "सगळं ठीक ना?" आणि दिवसभर "छान, धन्यवाद." यातले किती खरे आणि किती कोबीच्या पानाखाली, हे ओळखायची माझी सोय गेली.

एकदाच कळले. एका वसंतात माझ्या भिंतीला लागून असलेल्या टेबलावर दोन म्हातारी माणसे येऊन बसली, आणि खुर्चीत टेकताना त्यांतले एक कण्हले. त्या कण्हण्यावरून मी क्लेमला ओळखले. त्यांच्या बोलण्यावरून कळले, आता तो आणि एनिड दोघे बार्मथलाच राहत होते, शेजारी शेजारी, समुद्राच्या बाजूला. भाडेकरू गेला होता. वाढणाऱ्या मुलीने येऊन नेहमीचे विचारले.

"मला चव येत नाही गं बाळ," एनिड म्हणाली. "पण हा म्हणतोय बटाटे कच्चे आहेत. आणि हा सहसा बोलत नाही, म्हणजे बरेच कच्चे असणार."

मुलगी गडबडली, "माफ करा" म्हणाली आणि ताट घेऊन गेली. थोड्या वेळाने बटाटे पुन्हा आले. मग क्लेमचा काटा ताटावर बराच वेळ वाजत राहिला.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी रांधत असेल, तर ताटात उरलेले झाकून ठेवू नका. हळू सांगा, चांगल्या शब्दांत सांगा, पण सांगा. दुसऱ्याचे ताट त्याच्या नकळत पुसून चकचकीत करू नका, कितीही माया असली तरी. आणि कधी एखाद्या जुन्या पबात जेवायला बसलात आणि शेजारची भिंत बोटाने वाजवल्यावर पोकळ वाजली, तर चालकाला विचारा की आत काय आहे. मला बाहेर काढा असे मी म्हणत नाही. मी इथल्याच मापाची आहे. फक्त एक फळी, जेवणाच्या वेळेपुरती काढली, तर तुमचे ताट मला दिसेल.